पिन उलटा दाबला की पोलीस येत नाहीत, आत्या

माझी आत्या पुढच्या आठवड्यात लेकीकडे दुबईला निघाली आहे. परवा नव्या पेठेतून तिची बॅग आणून द्यायला गेले, तर भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीनं चार आकडे. तिच्या क्रेडिट कार्डाचा पिन, उलटा लिहिलेला. म्हणाली, "पाठ करायलेय."

भिशीच्या ग्रुपवर ‘परदेशात कार्ड वापरताय? चार नियम’ असा मेसेज फिरतोय. चोरानं धमकावलं तर एटीएमवर पिन उलटा टाका, पोलीस येतात, हा त्यातला पहिला नियम. आपल्या एटीएमला अशी सोयच नाही. उलटा पिन म्हणजे चुकीचा पिन. दोन-तीनदा टाकला की कार्ड ब्लॉक. आणि 2332 सारखा पिन उलटा केला तरी तोच राहतो, एवढा विचारसुद्धा लिहिणाऱ्यानं केलेला नाही.

मला खरा राग आला तो दुसऱ्या नियमाचा. ‘निघण्याआधी बँकेच्या फ्रॉड विभागाचा फोन येईल, त्यांना कार्ड नंबर आणि ओटीपी सांगून कार्ड परदेशासाठी चालू करून घ्या.’ अहो, चोर नेमकं हेच बोलतो! हा मेसेज वाचलेला माणूस त्या फोनची वाटच बघत बसणार. बँकेची यंत्रणा व्यवहारांवर लक्ष ठेवते, हे खरं. सकाळी सोलापुरात आणि दुपारी भलत्याच देशात कार्ड चाललं, तर ती व्यवहार अडवू शकते, ‘हा तुमचाच का’ असं विचारू शकते. त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर लागतं. शंका आली तर फोन ठेवायचा आणि कार्डामागच्या नंबरवर आपण फोन करायचा. परदेशी वापर चालू-बंद करणं, त्याची मर्यादा ठरवणं बँकेच्या अ‍ॅपमध्ये आपल्याच हातात असतं. रिझर्व्ह बँकेनं 2020 मध्येच ती सोय द्यायला लावली आहे.

तिसरा नियम म्हणतो, बँक लक्ष ठेवते, त्यामुळे गेलेले पैसे आपोआप परत येतात. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक काय सांगतं? चूक ना तुमची ना बँकेची, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर भार शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलंत, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर 10,000 रुपयांपर्यंत तुमच्या अंगावर येऊ शकतात. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. म्हणजे दुसरा नियम पाळला की तिसऱ्यातला पैसा मिळत नाही. आणि बँकेचा मेसेज वेळेत दिसावा म्हणून इथलं सिमकार्ड तिकडेही चालू ठेवायचं. परदेशी वेबसाइटवर कधीकधी ओटीपी न मागताही पैसे कापले जातात. मेसेज दिसलाच नाही तर कळवणार कसं?

चौथा नियम, गर्दीत खिशाला मशीन लावून पैसे काढतात. यात थोडं तथ्य आहे, मान्य करते. आपल्याकडे कार्ड मशीनला नुसतं टेकवून, म्हणजे टॅप करून, 5,000 रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात. पण मशीन कार्डाच्या अगदी जवळ आणावं लागतं, आणि ते कुणाच्या तरी नावावर असतं. तरी धास्ती वाटत असेल तर टॅपची सोय अ‍ॅपमधून बंद करा.

कालनिर्णयवरचे आकडे खोडले, तरी कागदावर ठसा दिसत होता. म्हणून आत्याला घेऊन तिच्या बँकेच्या एटीएमवर गेले. पिन तिनं बदलला, मी बाहेर उभी राहिले.