चार रविवारांत शेतकऱ्याचं उत्पन्न दुप्पट? आधी त्याचं बियाणं तरी मारू नका

इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांमधून सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. सुदामानगरातल्या काकांपासून पुण्यात नोकरीला गेलेल्या भाच्यांपर्यंत सगळे तो ‘जरूर वाचा’ म्हणत पुढे ढकलतायत. सार असं: शेतकरी गरीब आहे तो अज्ञानामुळे. त्याला कर नाही, वीज फुकट, खात्यात फुकटचे पैसे येतात, माल सरकार हमीभावाने उचलतं आणि मोबाइलवरून तो कुठल्याही मंडीत विकता येतो. तरी रडतोच. म्हणून शहरातल्या शिकलेल्या मुलांनी चार रविवार गावात जाऊन शिकवावं, उत्पन्न दुप्पट होईल. खाली सोयाबीन कसं पिकवावं याचा चार पानांचा ‘अभ्यासक्रम’ जोडलेला. माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी तो छापून सांवेरकडच्या गावांत जायला निघाल्या आहेत. नाहीतर असले संदेश मी न वाचता पुसून टाकतो.

अभ्यासक्रमच आधी घेतो. पेरणी तोंडावर आलीय, आणि बाकीचा संदेश नुसता खोटा असला तरी ही चार पानं कुणाचं तरी पीक बुडवतील.

‘जूनच्या पहिल्या पावसाबरोबर पेरणी उरका.’ काळ्या जमिनीत पहिल्या एक-दोन सरींनी वरची दोन-तीन बोटं माती भिजते, खाली भेगा कोरड्याच असतात. बी फुगतं, कोंब काढतं, आणि पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली की कोंब वाळून जातो. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाणं आणि डिझेल दोन्ही पुन्हा. खंडवा रोडवरची सोयाबीन संशोधन संस्था साधारण 100 मिलिमीटर, म्हणजे चार इंच पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणून सांगत आलीय. संस्था 1987 पासून इंदुरातच आहे. संदेश लिहिणाऱ्याला रिक्षाने जाऊन विचारता आलं असतं.

‘बी दाट टाका, झाडं जास्त येतील.’ झाडं जास्त येतात, शेंगा नाही. दाटीत झाड उंच आणि किडकिडीत होतं, फांद्या फुटत नाहीत, वारा खेळत नाही, रोग धरतो आणि ऑगस्टच्या पावसात पीक लोळतं. शिफारस हेक्टरी 60 ते 80 किलोची आहे, दाणा बारीक की टपोरा यावर. आता एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो: माळव्यात पुष्कळ शेतकरी खरंच शंभर किलो आणि वर टाकतात. पण ते उगवणीच्या भीतीने. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. बियाण्याची मळणी करताना थ्रेशर मिनिटाला 350 ते 400 फेऱ्यांच्या वर गेला, पोती गाडीवरून आपटली, थप्पी चार-पाच पोत्यांहून उंच लावली, की दाणा बाहेरून धडधाकट आणि आतून मेलेला.

ही भीती काढायला गोणपाट पुरतं. 100 दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, चार-पाच दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. असं तीनदा करून सरासरी घ्यायची. 70 किंवा जास्त उगवले तर नेहमीचं प्रमाण. 60 उगवले तर हेक्टरी 75 किलोच्या जागी 87-88 किलो. त्याच्या खाली गेलं तर बियाणं बदलायचं. हे एका संध्याकाळी शिकवून होतं आणि पेरणीआधी करावं लागतं. चार पानांत यातलं अक्षर नाही.

आणि आता कळस: ‘बुरशीनाशक, कीटकनाशक आणि रायझोबियम एकत्र कालवून बी रात्रभर ठेवा.’ अहो, रायझोबियम म्हणजे जिवंत जिवाणू! मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणं हे त्याचं काम. त्याला रात्रभर बुरशीनाशकात ठेवलं तर सकाळी बियाण्यावर नुसता काळा रंग उरेल. क्रम ठरलेला आहे. आधी बुरशीनाशक लावून बी सावलीत सुकवायचं, मग कीटकनाशक, आणि जिवाणू सगळ्यात शेवटी, किलोला 5 ग्रॅम, पेरणीच्या अगदी आधी. या जिवाणूंचं, म्हणजे कल्चरचं, पाकीट उन्हात मोटरसायकलला लटकवून आणलं तरी ते मरतं, हेही सांगायला हवं.

‘विमा म्हणजे लूट, घेऊ नका.’ राग समजतो. विमा एकट्याच्या शेतावर नाही, पटवारी हलक्याच्या (एका पटवाऱ्याकडच्या गावांच्या) सरासरी उत्पादनावर ठरतो. तुमचं शेत गेलं आणि हलक्याची सरासरी टिकली तर हाती काही येत नाही. पण गारपिटीने किंवा पाणी साचून झालेलं नुकसान, आणि कापून शेतात सुकत ठेवलेलं पीक 14 दिवसांच्या आत भिजलं तर त्याचं, हे दावे शेतनिहाय असतात. अट एकच, 72 तासांच्या आत कळवणं. 14447 वर फोन करायचा, सर्व्हे नंबर सांगायचा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा. खरिपाला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या 2 टक्के. शिकलेल्या मुलांचा खरा उपयोग इथे आहे, आणि अभ्यासक्रम नेमका याच्याच विरुद्ध शिकवतो.

शिवाय रविवारच का? जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरणी, सप्टेंबरअखेरपासून कापणी, मग गव्हाची तयारी. त्या दिवसांत कुणी बसणार नाही. एरवीही दूध काढून झाल्यावरची संध्याकाळच मोकळी असते. निंदणी-कापणी बायका करतात, त्यांना वेगळं बसवावं लागेल. आणि हेक्टर सोडून बिघ्यात बोलावं लागेल.

बाकीचे मुद्दे. ‘सरकार सगळा माल हमीभावाने घेतं.’ केंद्राने नेमलेल्या शांताकुमार समितीने 2015 मध्येच लिहून ठेवलंय की सरकारी संस्थांना हमीभावाने विकणारे शेतकरी जेमतेम 6 टक्के. 2024 मध्ये मध्य प्रदेशात सोयाबीनची क्विंटलला 4,892 रुपयांनी खरीदी झाली तेव्हा अट होती 12 टक्के ओलाव्याची. ती 15 वर आणली नोव्हेंबरात. तोवर गव्हाच्या बी-खताला पैसे हवे असलेल्यांनी माल मंडीत घातला होता. वाळवून थांबायचं तरी 18 टक्के ओलाव्याचे 20 क्विंटल 12 टक्क्यांवर 18.6 क्विंटलच भरतात. 2025 मध्ये हमीभाव 5,328 झाला आणि भावांतर योजना आली. यात सरकार माल घेत नाही, हमीभाव आणि ‘मॉडेल रेट’ (मंड्यांतल्या भावांवरून सरकारने काढलेला सरासरी दर) यांच्यातला फरक देतं. धरा, मॉडेल रेट 4,000 आहे आणि तुमची ओली ढेरी, म्हणजे मालाचा ढीग, 3,600 ला गेली. फरकाचे 1,328 धरून हाती 4,928. मधले 400 रुपये तुमचे गेले. ते का गेले याचं उत्तर ओलावा मोजण्याच्या यंत्रात आहे, शेतकऱ्याच्या अज्ञानात नाही.

‘मोबाइलवरून कुठेही विका.’ ई-नाम, म्हणजे मंड्या जोडणारं केंद्राचं ऑनलाइन व्यासपीठ, 14 एप्रिल 2016 ला सुरू झालं, कल्पना वाईट नव्हती. पण 20 क्विंटलची ढेरी ट्रक भरत नाही, आणि परराज्यातला व्यापारी दाणा मुठीत घेतल्याशिवाय बोली लावत नाही. इंदूरच्या छावनी मंडीत एकदा उभं राहून बोली ऐका, कळेल. ॲपवर भाव दिसतो हा फायदा आहेच. भाव दिसला म्हणजे तो मिळाला, असं मात्र नाही.

फुकटच्या गोष्टी. मध्य प्रदेशात शेतीपंपाची वीज 10 हॉर्सपॉवरपर्यंत वर्षाला हॉर्सपॉवरमागे 750 रुपये. पूर्ण फुकट आहे ती एक हेक्टरपर्यंत जमीन आणि 5 हॉर्सपॉवरपर्यंत पंप असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना. स्वस्त आहे, कबूल. केंद्राचे आणि राज्याचे सहा-सहा हजार धरून वर्षाला 12,000 खात्यात येतात, हेही कबूल. आणि कर? राष्ट्रीय नमुना पाहणीची 77 वी फेरी (2019) उघडा. शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये, वर्षाला सव्वा लाखाच्या आत. शेतीचं उत्पन्न करमुक्त ठेवणारं कलम रद्द केलं तरी यावर कर शून्यच बसेल. त्या 10,218 मध्ये पिकाचे 3,798 आणि मजुरीचे 4,063. ज्याला तुम्ही चार रविवार शेती शिकवणार, तो पिकापेक्षा मजुरीवर जास्त कमावतो. वर्गाला येण्यासाठी त्याने एक दिवसाचा रोज बुडवला तर तो कोण देणार? कर्ज सरासरी 74,121 रुपये. पिकाचं उत्पन्न चमत्काराने दुप्पट झालं तरी महिन्याला 7,596 होतं, आणि हा सगळा देशाचा आकडा आहे, फार मोठ्या शेतकऱ्यांसकट.

शेवटची ओळ: ‘आधुनिक अर्थव्यवस्थेत एवढे शेतकरी नकोतच.’ 2023-24 च्या श्रमबल पाहणीत 46.1 टक्के कामकरी शेतीत आहेत आणि देशाच्या मूल्यवर्धनात शेतीचा वाटा 18 टक्क्यांच्या आसपास. माणसं जास्त आहेत हे खरं, पण त्यांना पीथमपूरच्या कारखान्यांत कंत्राटी कामाशिवाय काय मिळतं यावर संदेश गप्प आहे. आणि शेतकरी नकोच असतील तर वरच्या परिच्छेदात त्यांना शेती शिकवायला मुली कशाला पाठवताय?