दोन पाव द्या हो!

पोर्तुगीज शिकायला बसलो तेव्हा मी जरा माजातच होतो. मुलगी लिस्बनला नोकरीला. "बाबा, येताय तर निदान दुकानापुरतं तरी शिकून या," असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, अगं, त्यात शिकायचं काय? चावी त्यांची, साबण त्यांचा, बटाटा, काजू, अननस, घमेलं, सगळं त्यांच्याकडूनच आलेलं. शिवाय मी रेवदंड्याचा. खाडी ओलांडली की कोर्लई. 1740 साली तिथला किल्ला मराठ्यांकडे आला, पण पोर्तुगीजांपासून झालेली बोली गावात अजून नांदते आहे. (लहानपणी तिथल्या पोरांशी भांडलो ते मात्र मराठीतून. फुकटची शिकवणी घालवली.)

ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई ब्राझीलच्या निघाल्या. पहिल्याच आठवड्यात वार आले. सोमवार म्हणजे 'दुसरा', मंगळवार 'तिसरा', असं करत शुक्रवार 'सहावा'. नावं फक्त शनिवार-रविवारला. सोमवारचा उपास धरणाऱ्या बायकोला मी सकाळी कौतुकाने म्हटलं, "आज दुसरा." ती दचकून म्हणाली, "मग पहिला मोडला कधी?"

बाई सकाळी 'बों जीआ' म्हणायच्या. लिस्बनला उतरलो तर तिथे 'बों दीआ', आणि पुढच्या वाक्यातले निम्मे स्वर माणसं गिळून टाकतात. भूक लागल्यासारखी. पण मी हटलो नाही. बेकरीला तिकडे 'पादारिया' म्हणतात हे कळल्यावर बायको तोंडाला पदर लावून फुटपाथवरच थांबली. मी आणि मुलगी पुढे झालो.

दारावर लिहिलं होतं, 'पुश'. म्हणजे अक्षरं त्यांची, पण वाचल्यावर स्वच्छ 'पुश'. मी ढकललं. पुन्हा ढकललं, खांदा लावून. आतली म्हातारी दोन्ही हातांनी काहीतरी ओढून दाखवत होती. पोर्तुगीजमध्ये 'पुश' म्हणजे ओढा.

आत जाऊन ऐटीत दोन पाव मागितले. दुकानात शांतता. त्यांचा पाव नाकातून निघतो, जवळजवळ 'पांउ'. नाक विसरलात तर होतो 'पाउ', म्हणजे दांडकं. आणि त्या दांडक्याला आणखी एक अर्थ आहे, जो मुलीने मला आजतागायत सांगितलेला नाही. जन्मभर कोकणात काढलेल्या माणसाला ऐनवेळी नाकाने दगा द्यावा!

पाव मिळाले. आभार मानायला मी 'ओब्रिगादा' म्हणालो. शिकवलं बाईंनी, त्यामुळे म्हटलंही बायकी. पुरुषाने 'ओब्रिगादो' म्हणायचं असतं. म्हातारी हसून काहीतरी भरभर बोलली. एवढ्या वाक्यात मला एकच शब्द लख्ख ऐकू आला: 'पगार'. निवृत्तीनंतर सात वर्षांनी हा शब्द कानावर पडला. मी भारावून हात पुढे केला.

"बाबा," मुलगी दातओठ खात कुजबुजली, "पगार म्हणजे पैसे द्यायचे. तुम्ही. त्यांना."