पाय दिसत नाहीत, यावर एकदाच हसायचं

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘यंगब्लड’ या अमेरिकन कॉमिकच्या पहिल्या अंकावरच्या माझ्या विनोदी व्हिडिओत २५ मिनिटं एका चोविशीतल्या चित्रकाराची टिंगल केली, जवळजवळ अख्खा अंक पडद्यावर दाखवला आणि वर त्याला समीक्षण म्हटलं. हातात अंक आणि मोबाइल असला की हे कुणालाही जमेल, असंही तुम्ही लिहिलंय. यातला टिंगलीचा मुद्दा अर्धा पटतो. बाकीचे नाही पटत.

आधी पटतं ते. त्या चित्रकाराच्या, म्हणजे रॉब लिफेल्डच्या, चित्रांत पात्रांचे पाय धुरात, ढिगाऱ्यात नाहीतर चौकटीबाहेर जातात, हा विनोद व्हिडिओत सात वेळा आला. पहिल्यांदा त्यामागचं कारण सांगितलं होतं. पावलं जमिनीवर कुठे टेकलीत हे दिसलं, की कोण पुढे, कोण मागे, दोघांत अंतर किती, हे वाचकाला आपोआप कळतं. पावलं गायब झाली की हाणामारीत कोण कुठे उभा आहे याचा पत्ता लागत नाही, आणि ठोसा बसला की हुकला हे कळायला बलून, म्हणजे संवादाचा फुगा, वाचावा लागतो. वाचनाचं असं नुकसान होत असेल तर त्यावर हसणं ही टीकाच आहे. दुसऱ्या वेळेपासून मात्र कारण गळून पडलं आणि नुसतं बोट दाखवणं उरलं. तिथे तुमची नाराजी रास्त आहे.

पण त्याहून मोठी चूक तुमच्याही नजरेतून सुटली. संवादांवरचे विनोदसुद्धा लिफेल्डच्याच खात्यावर टाकले होते. १९९२च्या त्या अंकात कथानक आणि चित्रं लिफेल्डची, संवाद हँक कनाल्झचे. एका माणसाचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं. कॉमिकमध्ये लेखक, पेन्सिल करणारा, शाई करणारा, रंगवणारा, अक्षरं काढणारा आणि संपादक असे पाच-सहा हात असतात. संहिता लिहिताना प्रत्येक विनोदासमोर ‘हा कुणाच्या कामावर आहे’ असा रकाना ठेवला, तर अशी गफलत कागदावरच पकडता येते. या कॉमिकच्या बाबतीत तर आवृत्तीही तपासावी लागते. २००८च्या पुठ्ठा बांधणीच्या संग्रहात जो केसी या लेखकाने संवाद नव्याने लिहिले आहेत. त्या संग्रहातले बलून वाचून १९९२वर हसलात, तर चित्रं तेव्हाची आणि शब्द सोळा वर्षांनंतरचे!

दुसरा सापळा अंकाच्या बांधणीत आहे. अंक दोन्ही बाजूंनी वाचायचा आहे. एका मुखपृष्ठापासून एका चमूची गोष्ट, अंक उलटा फिरवला की दुसऱ्या मुखपृष्ठापासून दुसऱ्या चमूची. स्कॅन करताना दुसऱ्या गोष्टीची पानं १८० अंशांत फिरवायची आणि त्यांचा क्रमही उलटा लावायचा. हे न करता सरळ पानं उलटत गेलं, तर गोष्ट मध्येच तुटल्यासारखी दिसते आणि ‘याला शेवटच नाही’ हा आयता विनोद हाताला लागतो. तो विनोद खोटा आहे. अंकाची खरी अडचण अशी, की नव्या वाचकाला एवढी सगळी पात्रं ओळखायची असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जागा मात्र थोडी येते.

आता ‘कुणालाही जमेल’बद्दल. मोबाइलने पानाचा फोटो काढला की शिवणीजवळ पान वाकतं, बाहेरच्या कडेला दिव्याची चमक येते आणि मागच्या पानावरचं चित्र पातळ कागदातून डोकावतं. म्हणून स्कॅनर, आणि स्कॅन होणाऱ्या पानाच्या पाठीशी काळा कार्डपेपर. अमेरिकन अंकाचं पान साधारण साडेसहा इंच रुंद. त्याच्या एक तृतीयांश रुंदीचा पॅनल, म्हणजे चित्राची एक चौकट, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम साडेसहाशे पिक्सेल भरतो. १९२० पिक्सेलच्या पडद्यावर तो तिप्पट ताणला, की रेषा फुटतात आणि दोष चित्रकाराचा वाटतो. ६०० डीपीआयला निभावतं. छपाईच्या ठिपक्यांमुळे चित्र लहान करताना जाळीच्या लाटा उठतात. त्यासाठी स्कॅनरमधलं ‘डीस्क्रीन’ चालू करायचं, किंवा आधी अगदी हलका ब्लर देऊन मग आकार कमी करायचा. उलट क्रमाने केलं तर लाटा तशाच राहतात.

मराठी व्हिडिओत आणखी एक पेच असतो. बलून इंग्रजी, आवाज मराठी. दोन्ही एकदम आले की प्रेक्षक धड वाचत नाही, धड ऐकत नाही. वीस-पंचवीस शब्दांचा बलून असेल तर आधी तो मराठीत वाचून दाखवायचा, मग सेकंदभर गप्प राहायचं, मग विनोद. पॅनल तोवर हलवायचा नाही. ही सेकंदभराची शांतता फार मोलाची आहे, कारण तेवढ्यात प्रेक्षक स्वतः चित्र बघतो आणि पुढचं बोलणं पटतंय का ते ठरवतो. संहिता मिनिटाला १२० शब्दांच्या हिशेबाने लिहायची ती यासाठीच. १५०वर गेलं की पहिला बळी या शांततेचा जातो.

अख्खा अंक दाखवल्याचा आरोप मान्य नाही. व्हिडिओत ४६ पॅनल आहेत, सलग पानं कुठेही नाहीत, आणि ज्यावर काही बोलायचं नाही असा पॅनल घेतलेला नाही. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ टीका आणि समीक्षणासाठी न्याय्य वापराला मुभा देतं. अमेरिकेत २०१७ साली होसेनजादेह विरुद्ध क्लाइन या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने विनोदी टीकेच्या व्हिडिओच्या बाजूने निकाल दिला. त्यात मूळ ५ मिनिटं २४ सेकंदांच्या फितीतली तीन मिनिटांहून जास्त फीत वापरली होती, पण तुकड्या-तुकड्याने, मध्ये थांबून भाष्य करत. नुसतं सोबत बसून बघणं वेगळं, हे न्यायालयाने तिथेच नोंदवलं. किती दाखवलं हे तर मोजावंच, पण मध्ये काय बोललो हेही मोजायला हवं.

विनोदच कशाला, साधं समीक्षण का नाही? ‘इथे सलगता बिघडली आहे’ हे वाक्य ऐकून विसरलं जातं. तेच दोन पॅनल शेजारी-शेजारी ठेवले, एका शब्दाचीही भर न घालता, आणि पहिल्यात उजव्या हातातली बंदूक दुसऱ्यात डाव्या हातात दिसली, की हसू आपोआप येतं आणि चूक कुठे झाली हे लक्षात राहतं. पुढचा अंक वाचताना तोच प्रेक्षक हातांकडे बघतो.

दुरुस्तीबद्दल. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओत नव्याने बोललेलं वाक्य घालता येत नाही, भाग कापता मात्र येतो आणि दुवा तोच राहतो. पायांचे नंतरचे सहाही विनोद कापतो आहे. कनाल्झ यांचं श्रेय वर्णनात पहिल्याच ओळीत आणि वर टाचलेल्या प्रतिक्रियेत जाईल. संवादांचा भाग कापला तर मधलं बोलणं तुटतं, म्हणून तो राहील, त्याच्या वेळा मात्र दुरुस्तीसोबत देतो.