राजेहो, मिरवा, पण नदीवरून

आपण राजे असाल किंवा नजीकच्या काळात होण्याचा विचार असेल, तर पहिली मिरवणूक कृपया रस्त्याने काढू नये. रस्त्यावर प्रजा अंगाशी येते आणि एखादा नतद्रष्ट हातात अर्जच ठेवतो. नदीवर ती भीती नाही.

खर्चाची चिंता नको, कारण तो आपण करायचाच नसतो. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने २३ ऑगस्ट १६६२ रोजी नवपरिणीत राणी, पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन, हिला टेम्स नदीतून लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात आणले, तेव्हा नावा सजवल्या आणि देखावे उभारले ते लंडनच्या व्यापारी संघांनी. नावा मात्र भरपूर असाव्यात. राजवाड्यातल्या बँक्वेटिंग हाउसच्या माथ्यावरून पाहणाऱ्या रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सच्या अंदाजाने त्या दिवशी दहा हजार होत्या. पाणी दिसेना आणि राजाराणीही ओळखू येईनात. पीप्सचे काही अडले नाही म्हणा. राजाची प्रेयसी लेडी कॅसलमेन समोरच उभी होती आणि पीप्स तिलाच डोळे भरून पाहत होता. मध्येच एक मचाण कोसळले, तेव्हा सगळ्या बड्या स्त्रियांतून खाली गर्दीत धावून जाऊन जखमी पोराची काळजी घेणारी तीच एकटी निघाली. अशा व्यक्तीला आपल्या नावेत अर्थातच जागा देऊ नये.

आंदण हाती पडण्याची वाट पाहत वाजंत्री अडवून ठेवू नये, हेही चार्ल्सकडूनच शिकावे. १६६१ च्या लग्नाच्या करारात त्याला पोर्तुगालकडून आंदण म्हणून मुंबई कागदावर मिळाली होती. परंतु टेम्सवर जल्लोष चालू असताना ती ताब्यात घ्यायला निघालेले इंग्रज आरमार अजून वाटेतच होते, आणि सप्टेंबरात ते पोहोचल्यावर पोर्तुगीजांनी कागदपत्रांत खोट काढून बेट देण्याचे साफ नाकारले. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ताटकळत कित्येक शिपाई रोगराईने मेले. मुंबई प्रत्यक्ष हाती आली ती १६६५ मध्ये. बाजारात तुरी असतानाच मिरवून घेतले, हे किती बरे झाले! पुढे १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

संगीत हवेच. १७ जुलै १७१७ रोजी राजा पहिल्या जॉर्जने टेम्सवर संगीतकार हँडेलची रचना सुमारे ५० वादकांकडून ऐकली आणि ती इतकी आवडली की तीनदा वाजवून घेतली. वादकांचे १५० पौंड त्याच्या दरबारातल्या बॅरन किल्मनसेग या सरदाराने भरले. तेव्हा नावेत पाय ठेवण्यापूर्वी आपल्या दरबारात असा एखादा बॅरन आहे ना, आणि तो त्या दिवशी गावातच आहे ना, याची खात्री करून घ्यावी.