खुलासा: सोलर दिव्यात साधा पेन्सिल सेल टाकू नका

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘बागेतला सोलर दिवा मंद झाला तर दुकानातला साधा पेन्सिल सेल टाका, उन्हाने तो आपोआप चार्ज होतो.’ हे चुकीचं आहे.

रविवारी मी आमच्या तुळशीजवळचा दिवा उघडून पाहिला. आतल्या सेलवर ‘१.२ व्होल्ट, निकेल मेटल हायड्राइड, रिचार्जेबल’ असं छापलंय. साधा सेल १.५ व्होल्टचा, तो चार्ज करायचा नसतोच. चार्ज होऊ लागला की आत वायू साठतो, सेल फुगून गळतो आणि अल्कलाइन सेलमधलं द्रव कातडीला लागलं तर भाजतं. लहान मुलं सारखी हात लावतात हो या दिव्यांना! काही दिव्यांत ३.२ व्होल्टचा लिथियम सेल असतो, दिसायला पेन्सिल सेलएवढाच. म्हणून जुन्या सेलवरचं वाचून तसाच नवा आणा.

त्याआधी पॅनल ओल्या फडक्याने पुसा. आमच्या दिव्यावर शेजारच्या बांधकामाची धूळ साचली होती. पुसून दिवसभर ऊन खाल्ल्यावर तो जुन्याच सेलवर रात्री नीट लागला.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. कुणी साधा सेल टाकला असेल तर आजच काढा.