हाताने घट्ट, तीस गोळ्यांत ढिला

सप्रेसर, म्हणजे रायफलच्या नळीच्या टोकाला आट्यांनी बसवायचं आवाज कमी करणारं नळकांडं, ढिला होतोय म्हटलं की सल्ले ठरलेले असतात. एक म्हणतो, अजून जोरात आवळा. दुसरा म्हणतो, लोकटाइट लावा, म्हणजे आटे चिकटवून ठेवणारा द्रव. तिसरा तर सरळ सांगतो, "होतंच ते, दर मॅगझिनला हात लावून बघायचं." या तिसऱ्याचा सगळ्यात जास्त संताप येतो. होतंच ते म्हणजे काय? अमेरिकेत ही वस्तू घ्यायची तर १९३४ च्या कायद्याखाली नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो, आणि २०२५ संपेपर्यंत वर २०० डॉलरचा कर. एवढं करून आणलेला सप्रेसर बाटलीच्या झाकणासारखा फिरतो आणि लोक त्याला नशीब म्हणतात. नशीब नाही हो, जोडणी चुकलेली असते.

आणि यात नुसती कटकट नाही, धोका आहे. .२२३ या मापाच्या रायफलच्या सप्रेसरमध्ये गोळीला चारी बाजूंनी साधारण अर्धा मिलिमीटर मोकळी जागा असते, आणि नळकांडं असतं दीडशे-पावणेदोनशे मिलिमीटर लांब. म्हणजे पुढचं टोक अर्धा मिलिमीटर सरकलं की गोळी आतल्या पडद्याला, म्हणजे मधे भोक असलेल्या आडव्या चकतीला, घासते. तेवढा कल यायला एक अंशाचा पाचवा भागही लागत नाही. एकदा पडदा फुटला की वस्तू बनवणाऱ्याकडे परत पाठवा आणि महिनोन्महिने वाट बघत बसा. स्वतः उघडून नवा पडदा घालायला कायद्याची परवानगी नाही.

मूळ गोष्ट कोणी धड सांगतच नाही: भिस्त आट्यांवर नसते, खांद्यावर असते, म्हणजे नळीवरचे आटे जिथे संपतात तिथल्या पायरीवर. आटे फक्त ओढायचं काम करतात. सप्रेसर नळीशी सरळ रेषेत राहतो आणि जागेवर टिकतो तो नळीच्या खांद्याचा सपाट चेहरा आणि सप्रेसरची मागची कड एकमेकांवर पूर्ण गोल टेकल्यामुळे. त्या गोलात काजळीचा एक कण आला तरी हाताला घट्ट लागतं. मग दहा गोळ्यांत तो कण चुरडला जातो, ताण निघून जातो, आणि पुढच्या दहा गोळ्यांत सप्रेसर फिरतो. लोक म्हणतात, "मी तर नीट आवळला होता." आवळला होताच, पण कणावर.

त्यात उष्णता. नळीचं पोलाद दर अंश सेल्सिअसला लाखात सुमारे १.२ भाग वाढतं, टायटॅनियम सुमारे ०.८६. दोन्ही सारखेच ४०० अंशांनी तापले तर पाच मिलिमीटरच्या लांबीत सात मायक्रॉनचा फरक पडतो. हाताने आवळून येणारा ताण असतोच मुळी काही मायक्रॉनचा! तो तिथेच संपतो. म्हणून टायटॅनियमचा हलका सप्रेसर भराभर गोळ्या झाडताना जास्त छळतो.

तर आवळण्याआधी बघा. रायफल रिकामी, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी पाहिलेला, सप्रेसर थंड. नायलॉनच्या ब्रशने आणि सॉल्व्हंटने आटे घासा, खांदा वेगळ्या फडक्याने पुसा, सप्रेसरच्या आतली मागची कड पण पुसा. ही कड नव्वद टक्के लोक विसरतात असं म्हणायचा मोह होतो, आकडा काही मोजलेला नाही, पण विसरतात हे नक्की. मग खांद्यावर मार्करची शाई फासा, सप्रेसर हाताने पूर्ण बसवा, काढा, आणि शाई कुठे घासली गेली ते बघा. पूर्ण गोल उमटला तर ठीक. चंद्रकोर उमटली तर खांदा तिरका कापलेला आहे, आणि मग जगातलं कुठलंही रसायन तुमच्या कामाचं नाही. नळी गनस्मिथकडे न्या, लेथवर खांदा सरळ करून घ्या. काहीच उमटलं नाही, तर सप्रेसर खांद्यापर्यंत पोचतच नाही: एकतर नळीचं टोक आत आधी टेकतंय, नाहीतर खांद्यालगतचे शेवटचे आटे अर्धवट आहेत आणि तिथे मोकळी खाच ठेवलेलीच नाही. हेही लेथचंच काम.

बारीक नळीवर ५/८-२४ चे (५/८ इंच व्यास, इंचाला २४ आटे) जाड आटे कापून विकणाऱ्यांबद्दल काय बोलावं! ५/८ इंच म्हणजे १५.९ मिलिमीटर. नळी १७.८ मिलिमीटरची असली तर खांदा उरतो जेमतेम एक मिलिमीटर. एवढ्याशा कडेवर तापलेलं, हादरणारं नळकांडं टिकवायचं म्हणे. त्याच नळीवर १/२-२८ चे आटे कापले तर खांदा अडीच मिलिमीटरच्या वर जातो. .२२३ असेल तर तेच मागा.

आता लोकटाइट. निळं असो की लाल, नेहमीचे प्रकार दीडशे-पावणेदोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडतात. सप्रेसर दोन मॅगझिनमध्ये त्याच्या पलीकडे जातो. टेफ्लॉन टेप गुंडाळणारे तर आणखी पुढचे. ती ३२७ अंशांना वितळते, आणि त्याआधीच आट्यांत घडी पडून सप्रेसर तिरका बसवते.

उष्णतेला पुरून उरतं ते रॉकसेट नावाचं चिकटवण. ते पाण्यात मिसळलेल्या सिरॅमिक जातीचं असतं, हजार अंशांच्या आसपास टिकतं. पण ते लावायचं नळीवर कायम राहणाऱ्या ब्रेकला (बंदुकीचा धक्का कमी करणारा तुकडा) किंवा माउंटला (ज्यावर सप्रेसर चढतो तो जोड), रोज काढायच्या सप्रेसरला नाही. आटे असिटोनने तेलमुक्त करा, दोन-तीन थेंब फक्त आट्यांवर टाका, खांद्यावर नाही. ब्रेक २० ते ३० फूट-पाउंडांनी आवळा, बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. नळी शिकंज्यात नीट धरलेली हवी, नाहीतर पिळवटा रिसिव्हरवर, म्हणजे नळी जिथे बसते त्या रायफलच्या मुख्य भागावर, येतो. रात्रभर वाळू द्या. काढायचं असेल तेव्हा पाण्यात भिजवा, सुटतं.

एक सांधा लोक पूर्णपणे विसरतात. हल्लीच्या बऱ्याच सप्रेसरच्या मागे १.३७५-२४ चे आटे असतात, त्यात माउंट बसतो. नळीकडचं सगळं चोख केलं तरी इथला सांधा सुटतो. मग सप्रेसर फिरवताना माउंट नळीवरच राहतो आणि नळकांडं हातात येतं. या सांध्याला रॉकसेट लावा, पान्याने आवळा, आणि दोन्हीकडे ओरखड्याची एक सलग रेघ मारा. रंगाची रेघ जळून जाते, ओरखडा राहतो. रेघ तुटलेली दिसली की थांबा. निशाण्यावर गोळ्यांचा झुबका अचानक पसरला तरी थांबा, आधी सप्रेसर तपासा, मग स्कोपला दोष द्या.

आणि आता क्रश वॉशरबद्दल, म्हणजे आवळताना चेपणारी वॉशर. फ्लॅश हायडरला (नळीच्या तोंडाची ज्वाळा लपवणारा तुकडा) ठीक आहे. पण ती दाबली जाताना एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी चेपते, त्यामुळे तिच्यावर बसलेली वस्तू सरळ राहीलच असं नाही. सप्रेसर किंवा सप्रेसरचा माउंट बसवताना ती काढलीच पाहिजे. ब्रेकची दिशा जुळवायची असेल तर सपाट शिम, म्हणजे पातळ चकती, वापरा. तरीही सप्रेसर माउंटच्या खोक्यात क्रश वॉशर टाकून पाठवणारे आहेत, सोबत एक ओळीची सूचनाही नाही. नवा माणूस खोक्यात आहे म्हणून लावतो, पहिल्याच दिवशी पडदा फोडतो, आणि वर त्यालाच ऐकवतात की तू नीट आवळलं नसशील. ती वॉशर खोक्यात टाकणं बंद करा.