लिंबू, चमचा आणि अंगठा

माहेरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी असायचं तसं काही कारण नाही. आईला टायपिंग जमत नाही म्हणून तिच्या वतीने मला घेतलं आणि मग मीच जास्त बोलायला लागले. यंदा 26 जानेवारीच्या लिंबू-चमच्यावरून तिथे चार दिवस रणकंदन चाललं होतं. कुणीतरी सुचवलं, सात वर्षांखालच्या सगळ्याच पोरांना मेडल देऊ या. झालं! ‘असंच लाडावून ठेवलं तर पुढे काय दिवे लावणार?’, ‘आमच्या वेळी हरलो की रडत घरी जायचो, काही बिघडलं नाही.’ एका काकांनी तर थेट खाशाबा जाधवांनाच मैदानात उतरवलं: 1952 साली हेलसिंकीला ब्राँझ मिळालं, ते काय सगळ्यांना वाटत होते म्हणून?

मी तेव्हा ऑस्लोत, लेकीच्या क्लबच्या हॉलबाहेर डुग्नाडला, म्हणजे सगळ्या पालकांनी मिळून करायच्या बिनपगारी कामाला, वॅफलं भाजत होते. एका हातात पिठाचा डाव, दुसऱ्या हातात फोन. राहवलं नाही. लिहिलं, की नॉर्वेत मुलांच्या खेळांसाठी 1987 पासून लेखी नियम आहेत. मूल अकराचं होईपर्यंत निकालाचे तक्ते लावायचे नाहीत, आणि बारापर्यंत बक्षीस द्यायचंच तर सगळ्यांना द्यायचं. आणि हाच देश 2022 साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमधून 16 सुवर्णपदकं घेऊन आला. वस्ती किती, तर सगळी मिळून 55 लाखांच्या आसपास. पुण्यात मावेल.

उत्तर लगेच आलं. ‘ताई, तुमच्याकडे बर्फ आहे.’

या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. पॅरिसच्या ऑलिंपिकला 2024 मध्ये कुठला आला बर्फ? तिथे पदकं नॉर्वे 8, भारत 6. टाकलं. तेवढ्यात एक वॅफल करपलं. ते मीच खाल्लं, ब्रूनोस्टचा, म्हणजे इथल्या तपकिरी गोडसर चीजचा, जाडसर काप ठेवून.

ग्रुपवर न लिहिलेली गोष्ट अशी, की हॉलमध्ये गोल कुणी मोजत नाही, पण मी मोजते. कोटाच्या डाव्या खिशात आमच्या गोलांची बोटं, उजव्या खिशात त्यांच्या. बाजूला उभे असलेले एक बाबा परवा शांतपणे पुटपुटले, ‘पाच-दोन.’ माझ्या खिशातही पाच-दोनच होते. म्हणजे सगळेच मोजतात, फक्त पोरांसमोर बोलत नाहीत. आणि ऑफिसात बघावं, तर फेब्रुवारी लागला की मटपाक्के, म्हणजे घरून आणलेला ब्रेडचा डबा, उघडताना बिर्कन या स्की-शर्यतीशिवाय विषय नाही. 54 किलोमीटर स्की करायचं, पाठीवर साडेतीन किलोंची सॅक, आणि ठरलेल्या वेळेत पोचलं तर बिल्ला. पन्नाशीचे गृहस्थ त्या बिल्ल्यासाठी पहाटे स्कीला मेण घासत बसतात. हे काही मी काकांना कळवलं नाही. कशाला आयतं कोलीत द्या?

हिशेबही माझा सोयीचाच असतो म्हणा. ती 8 पदकं ग्रुपवर ‘आमची’ होती. पण पॅरिसलाच नेमबाज स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं त्या दिवशी ऑफिसात मीच ओरडले होते, ‘आमचा! कोल्हापूरचा!’ शेजारच्या टेबलावरून विचारलं, जिंकला का? म्हटलं, तिसरा आला. ‘अच्छा, छान,’ आणि मान परत स्क्रीनकडे.

मग सेक्रेटरींचा मेसेज आला. ‘मॅडम, आपण सोसायटीच्या सभासद आहात का? बाहेर राहून सल्ले देणं सोपं असतं.’

तीन उत्तरं लिहिली, तीनही खोडली. सभासद आई आहे. मी नॉमिनी आहे, पण आई धडधाकट असताना हे ग्रुपवर कसं लिहायचं? इथे दहा वर्षं झाली, क्लबच्या डुग्नाडच्या यादीत माझं नाव न विचारता येतं, दरवर्षी टॉयलेट पेपरचे गठ्ठे मीही दारोदार विकते. तिथे मात्र, बी विंग आणि पाण्याच्या टाकीमधल्या ज्या पट्टीवर पोरं लिंबू घेऊन धावणार, तिथला एकेक खड्डा मला पाठ असूनही, मी ‘मॅडम’.

त्याच पट्टीवर 1993 साली माझा तिसरा नंबर आला होता. बक्षीस कंपासपेटी. ती अजून आहे, इथे कपाटात, तिच्यात स्कीचं मेण ठेवते. आणि आता निघालंच आहे तर सांगते: शेवटच्या दहा पावलांत माझा अंगठा लिंबावर होता.

चौथी आलेली मुलगी तिथेच राहते, आता तिचा मुलगा धावणार आहे. चार दिवस ती ग्रुपवर एक अक्षर बोलली नव्हती. सेक्रेटरींच्या मेसेजखाली तिची एकच ओळ आली: ‘मेडल सगळ्यांना द्या नाहीतर नका देऊ, फक्त यंदा अंगठ्यांकडे लक्ष ठेवा.’

वॅफलच्या रांगेत सहा जण होते. मी तिला घाईघाईने पाठवला तोही नेमका अंगठाच.